जळगावात मिळालेलं एक्स्पोर्टचं झिंग्याचं पाकीट: वजन करून, शिजवून, खाऊन लिहितोय

आधीच सांगतो, दुकान चांगलं आहे, जा. यंदाच्या दिवाळीनंतर जळगावात फ्रोझन मासळीचं एक छोटं दुकान उघडलंय, दोन चेस्ट फ्रीजर, एक उभा काचेचा फ्रीजर, एक वजनकाटा आणि मालक, पंचविशीतला पोरगा, बोलायला साधा अन् विचारलेलं खरं सांगणारा. मी भुसावळहून तीनदा जाऊन आलो, तीन वेळा मिळून एक्स्पोर्टची पाच पाकिटं आणली, त्यातली चार उत्तम निघाली आणि एक परत केलं, ते का ते खाली लिहितो. थोडं लांबेल कारण हा विषय माझा आहे, सहा वर्षं गुजरातच्या किनाऱ्यावर मासळीच्या एका प्रोसेसिंग कंपनीत क्वालिटीला होतो, आता दोन वर्षं झाली सावदा-रावेरकडे केळीच्या पॅकहाऊसवर आहे, म्हणजे माल गार करून कंटेनरात भरून परदेशी पाठवायचा हेच काम, फक्त तेव्हा उणे १८ ला होतं आणि आता साडेतेराला.

आपल्याकडे झिंगे म्हणजे काय तर बाजारच्या दिवशी पोत्यावर मांडलेली सुकट, नाहीतर हतनूर-गिरणाचे नदीतले बारीक झिंगे मिळाले तर मिळाले. समुद्राचा माल सुरतेकडून बर्फात येतो, उन्हाळ्यात भुसावळला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्या थर्माकोलच्या खोक्यात काय उरत असेल ते तुम्हीच समजून घ्या. त्यामुळे नीट गोठवलेला माल इथं मिळणं ही माझ्यासाठी मोठी गोष्ट आहे, आणि पहिल्या दिवशी त्या फ्रीजरात हात घालून पाकीट उचललं तर वर लिहिलेलं, व्हनामी, पीडी टेल ऑन, ३१/४०, आयक्यूएफ. मी जागेवरच थांबलो. हे पाकीट जळगावसाठी भरलेलंच नाही.

व्हनामी ही तळ्यात वाढवलेल्या झिंग्याची जात, आयक्यूएफ म्हणजे एकेक सुटा गोठवलेला, पीडी म्हणजे सोललेला आणि पाठीतली काळी शीर काढलेला, टेल ऑन म्हणजे शेपटीचं टरफल तेवढं ठेवलेलं. घरी आणलं तर मायने पहिला प्रश्न तोच केला, "सगळं सोललं अन् शेपटी काहून ठेवली रे?" शेपटी ठेवतात कारण तिकडे अमेरिकेत पार्टीत झिंगा शेपटीला धरून चटणीत बुडवून खातात, शेपटी म्हणजे धरायची दांडी. आपल्याकडे रश्श्यात कोणाला दांडी पाहिजे? आणि ३१/४० हा आकडा म्हणजे काउंट, तो किलोचा नाही, पौंडाचा आहे, एका पौंडात म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये ३१ ते ४० नग. पाकीट कोणाच्या ताटासाठी भरलं होतं ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, वाचता आलं पाहिजे. मालकाला विचारलं तर म्हणे, "सुरतच्या व्यापाऱ्याकडून येतो भाऊ, अमेरिकेच्या ऑर्डरीचा होता म्हणे, अडकला." वर एफएसएसएआय नंबरचं, एमआरपीचं स्टिकर नंतर चिकटवलेलं, ते व्यवस्थित होतं, ते बघूनच घेतलं.

अडकला कसा ते सांगतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ म्हणजे आयात कर लावला होता, कोळंबीवर आधीपासूनची अँटी-डंपिंग ड्युटी (आपण स्वस्तात माल लोटतो म्हणून लावलेली) आणि सबसिडीविरोधी ड्युटी वेगळी, आणि त्याच वेळी इक्वेडोरवर १५ टक्के. इक्वेडोर हा कोळंबीचा जगातला सगळ्यात मोठा एक्स्पोर्टर, अमेरिकेच्या जवळ, जहाज लवकर पोचतं, त्यांचा माल डोक्यासकट चीनला पण जातो. मग तिकडचा खरेदीदार आपल्याला काहून विचारेल? आता आपण किती अडकलोय बघा, २०२४-२५ मध्ये भारतातून १६.९८ लाख टन मासळी बाहेर गेली, ६२,४०८ कोटी रुपयांची, त्यातले ४३,३३४ कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. आणि ती कोळंबी ७.४१ लाख टन, त्यातली ३.११ लाख टन एकट्या अमेरिकेत. म्हणजे एक जात, एक गिऱ्हाईक. केळीवाल्याला हे वेगळं सांगायला नको, सगळ्या शिवारात ग्रँड नैन आणि एक्स्पोर्टचा बहुतेक माल आखातात, तिकडे काही झालं की इथं रावेरात भाव पडतो, दोन दिवसात.

आता पाकिटाकडे येतो.

घरी आल्यावर मी जे कंपनीत रोज करायचो तेच केलं. पाकिटावर निव्वळ वजन ५०० ग्रॅम, ग्लेझ सोडून, असं स्पष्ट लिहिलं होतं. आतला माल बर्फासकट काट्यावर ६१८ भरला. मग गार पाण्याच्या बारीक धारेखाली धरून वरचा बर्फ जाईपर्यंतच धुतला, चाळणीत दोन मिनिटं तिरपा ठेवून निथळला, ४९६ ग्रॅम. नग मोजले, ३९. म्हणजे पौंडाला साधारण ३६, काउंट बरोबर, वजन चार ग्रॅमने कमी, ते घरच्या काट्यात धरून सोडून देऊ. ग्लेझ म्हणजे काय तर गोठलेल्या झिंग्यावर बर्फाची पातळ काच चढवतात, ती वाईट नाही, ती नसली तर फ्रीजरच्या कोरड्या हवेने माल सुकून पांढरे डाग पडतात. पण ती काच झिंग्याच्या भावाने विकायची का हा सवाल आहे.

त्याच दुकानात दुसरं एक पाकीट आहे, ते देशी बाजारासाठीच भरलेलं, त्यावर ५०० ग्रॅम लिहिलंय पण ग्लेझ धरून का सोडून ते काहीच नाही. नाव लिहीत नाही. ते ३४० ला, आपलं एक्स्पोर्टवालं ४६० ला. कोणीही स्वस्तवालं उचलेल. धुऊन निथळून ते ३६५ ग्रॅम भरलं. आता हिशोब करा, एक्स्पोर्टवालं पडलं किलोला साधारण ९२७ रुपये आणि स्वस्तवालं ९३१. वर त्या स्वस्तवाल्याचे झिंगे हाताला बुळबुळीत, काचेसारखे, तव्यावर टाकले की फेसाळ पाणी सुटतं, तो ट्रायपॉलीफॉस्फेटच्या पाण्यात जास्त वेळ भिजवल्याचा प्रकार, त्याने झिंगा पाणी धरून फुगतो. थोडं फॉस्फेट एक्स्पोर्टवाले पण लावतात, लेबलवर लिहून लावतात, पण तिकडचा खरेदीदार पाण्याचं प्रमाण तपासून घेतो म्हणून हात राखून. मी मालकाला सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला, त्याने तो फोटो काढून घेतला आणि पुढच्या वेळी गेलो तर स्वस्तवालं पाकीट त्याने कमी आणलं होतं. ह्यासाठी त्या पोराचं मनापासून कौतुक.

हे काउंट, हे निव्वळ वजन, हा बॅच नंबर आपल्याकडे आपोआप आला नाही, फटके खाऊन आला. १९९७ ला युरोपने आपली मासळी बंद केली होती, कारखान्यांची स्वच्छता बरोबर नाही म्हणून. आमच्याकडचे जुने टेक्नॉलॉजिस्ट सांगायचे की त्याच्या आधी पीलिंग शेड, म्हणजे झिंगे सोलायची जागा, नुसता सिमेंटचा ओटा आणि टोपल्या, त्यानंतर टाइल्स आल्या, पायाला क्लोरीनचं पाणी आलं, खिडक्यांना जाळी आली, पाणी पिण्याच्या दर्जाचं आलं, प्रत्येक टप्प्यावर तापमान लिहायची वही आली. त्याच वर्षी डिसेंबरपासून अमेरिकेने हॅसेप, म्हणजे धोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर नजर ठेवायची पद्धत, सक्तीचं केलं. मग अँटिबायोटिक. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ह्यांना झिंग्यात जागाच नाही, आणि मशीन एक अब्ज भागात एक भागाच्याही खाली पकडतं. २०१६ पासून युरोप आपल्या तळ्यातल्या कोळंबीच्या दर १०० खेपांतल्या ५० खेपा तपासायला लागला, आधी १० होत्या. आणि नुसती तपासणी नाही, रिपोर्ट येईस्तोवर कंटेनर बंदरात उभा, विजेचं भाडं चालू, पैसे अडकलेले. एक खेप परत आली की तळंवाला, कारखाना, बँक सगळे दोन महिने हलतात. मी हे डोळ्यांनी पाह्यलंय, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणी बोलत नाही.

अँटिबायोटिकवर उपाय म्हणून युरोपच्या मालासाठी झिंगे काढायच्या आधीच तळ्यातला नमुना एमपीडाच्या लॅबमध्ये द्यायचा, पास झाला तरच कारखाना माल उचलणार. एमपीडा म्हणजे समुद्री मालाच्या निर्यातीसाठीची कोचीची सरकारी संस्था, १९७२ ची. तळ्याची पण किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. म्हणून एक्स्पोर्टच्या पाकिटावरच्या कोडवरून मागे मागे जात कंपनीला सांगता येतं की हा झिंगा कोणत्या तळ्यातला, कधी काढला. देशी पाकिटाला हे कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही. माझा राग इथंच आहे. अमेरिकेतल्या, स्पेनमधल्या माणसाच्या पोटाची एवढी काळजी, आणि भुसावळच्या माणसाने ३४० रुपये देऊन बर्फ घ्यायचा? तोच कारखाना, त्याच बाया, तोच फ्रीजर, मग इथल्या पाकिटावर ग्लेझ सोडून वजन लिहायला काय अडतं?

बायांचं निघालं म्हणून सांगतो. माझ्या लाईनवर नवापूर-अक्कलकुव्याकडच्या पोरी होत्या, माझी बोली ऐकून त्यांना बरं वाटायचं अन् मला पण. सकाळपासून बर्फाच्या पाण्यात हात, उभं राहून सोलायचं, किलोवर मजुरी. बोटं पांढरी पडून सुरकुतायची. मशीनने पण सोलता येतं, पण शेपटी ठेवून, शीर काढून, मांस न फाडता सोलायला हात लागतात. पौंडामागे जे काही डॉलर मिळतात त्यात ह्या हातांचा वाटा फार आहे आणि पगारात त्याचा पत्ता नाही. ऑर्डर थांबली की सगळ्यात आधी पीलिंगचीच पाळी बंद होते, कारखान्याच्या मालकाचं नुकसान होतं ते नंतर. पाकीट फोडताना मला प्रत्येक झिंग्याच्या पाठीवरचा तो सरळ चिरा दिसत होता, अगदी एकसारखा, चांगल्या हाताने मारलेला.

तळ्याकडची गोष्ट पण थोडी. पाकीट सुरतेकडच्या तळ्यातलं असेल तर ते म्हणजे ओलपाड वगैरे भाग, आपली तापी मुलताईहून निघून भुसावळ करून जाते ती तिकडेच सुरतेच्या खाली समुद्राला मिळते, त्या खाऱ्या जमिनीवर ही तळी आहेत. व्हनामी आपल्याकडची जात नाही, २००९ मध्ये परवानगी मिळाली, मूळची प्रशांत महासागराच्या पलीकडच्या किनाऱ्याची. त्याच्याआधी आपला टायगर जातीचा झिंगा होता, त्याला १९९४-९५ च्या सुमारास व्हाइट स्पॉट रोगाने झोपवला. व्हनामीचे रोगमुक्त नर-मादी विमानाने बाहेरून येतात, चेन्नईला क्वारंटाईनमध्ये राहतात, मग हॅचरीत पिल्लं. टिश्यू कल्चरची रोपं आणतो ना आपण, तसंच समजा, बी चांगलं असलं तरी रोग तळ्यात येतोच, आता ईएचपी नावाचा आहे त्यात झिंगा मरत नाही पण वाढत नाही, शेतकरी खाद्य टाकत राहतो आणि काउंट काही खाली येत नाही, म्हणजे झिंगा मोठा होत नाही. आणि खर्चातला अर्ध्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो, त्यात सोयापेंड असते, म्हणजे आपल्या धुळे-जळगावच्या सोयाबीनचा भाव वर गेला तर झिंग्याच्या तळ्याचं गणित बिघडतं, कुठला धागा कुठं जोडलेला असतो बघा.

समुद्रातून जाळ्याने धरलेल्या कोळंबीचं तर अमेरिकेचं दार बंदच आहे. कासवं ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्यात अडकून मरतात म्हणून जाळ्याला कासव बाहेर निघायची खिडकी लावा असा त्यांचा १९८९ पासूनचा कायदा, आपल्या बोटींवर ती नीट लागली नाही. कासव वाचलंच पाहिजे, त्यात वाद नाही, खिडकी लावायला मच्छीमाराला वेळेत मदत झाली असती तर आज तळ्यातल्या एकाच जातीवर एवढा भार पडला नसता असं माझं मत आहे.

आता परत केलेलं पाकीट. दुसऱ्या खेपेला मी दोन आणली, त्यातलं एक हलवलं तर आवाजच नाही. आयक्यूएफचा अर्थच एकेक सुटा गोठवलेला, पाकीट हलवलं की खडखड वाजलं पाहिजे, गोट्यांसारखं. ह्यात ढेकूळ झालेलं आणि पिशवीच्या आतून भुरभुरीत बर्फ. म्हणजे कुठंतरी वितळून परत गोठला, गाडीत, सुरतेच्या गोडाऊनला, का दुकानात लाईट गेली तेव्हा, सांगता येत नाही. मालकाला दाखवलं तर एक शब्द न बोलता बदलून दिलं. पण खरी चूक मला दुकानात दिसली, चेस्ट फ्रीजर तोंडापर्यंत भरलेला, वरची दोन थरं भरायच्या रेघेच्या वर, आणि झाकण गिऱ्हाईक उघडं टाकून निवडत बसतं. आत थर्मामीटर नाही. मी त्याला सांगितलं की भाऊ, दोनशे-तीनशे रुपयांचं थर्मामीटर आण, आत टांग, सकाळ-संध्याकाळ वहीत लिही, कारखान्यापासून इथपर्यंत उणे १८ सांभाळलेला माल शेवटच्या चार फुटांत घालवू नको. तिसऱ्या वेळी गेलो तर थर्मामीटर होतं, वही नव्हती. उणे १६ दाखवत होतं, झाकण नुकतंच उघडलेलं म्हणून असेल. जनरेटर नाही, इन्व्हर्टर आहे पण फ्रीजरला पुरत नाही. मे महिन्यात हे दुकान कसं चालवतो ते मी बघायला जाणार आहे.

चवीचं राह्यलं. मायने आपला काळा मसाला, भाजलेलं खोबरं-कांदा-लसूण वाटून तिखटजाळ रस्सा केला, आधी रस्सा पूर्ण उकळून घेतला आणि झिंगे शेवटी टाकले, चार मिनिटं, गॅस बंद. हे महत्त्वाचं आहे, मटणासारखं शिजवत बसलात तर रबर होईल आणि दोष पाकिटाला द्याल. झिंगे सकाळी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश वितळवले होते, गरम पाण्यात नाही. गोडसर चव, दाताखाली कुरकुरल्यासारखा चावा, वास नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर पाच माणसांना एक पाकीट पुरलं, रस्सा जास्त केला म्हणून. मायने खाता खाता शेपट्या ताटाच्या कडेला लावल्या आणि म्हणाली, "चांगले आहेत, पण पुढच्या टाईमले डोक्यासकट आण, डोक्याशिवाय रश्श्याले काय चव?" बरोबर आहे तिचं. डोक्यासकटचा माल चीन घेतो, आपण पण घेऊ शकतो, पण त्याला कोणीतरी इथल्या लोकांना काय पाहिजे ते विचारायला हवं. आजवर हा धंदा बाहेरच्याच्या ताटाकडे बघून चालला, अमेरिकेची वाट अवघड झाल्यावर कंपन्या युरोपकडे धावल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपने आणखी १०२ कारखान्यांना मान्यता दिली, जुलै २०२५ मध्ये इंग्लंडबरोबर करारावर सही झाली. चांगलंच आहे, धावू दे. पण १४० कोटींचा देश घरातच आहे आणि त्यातलं खान्देश सुरतेहून एका रात्रीच्या ट्रकवर आहे.

भाव बघितला तर ४६० हे रोजच्या खाण्याचं नाही, महिन्यातून एक-दोनदा ठीक. मला स्वतःला वाटतं ५१/६० चा बारीक काउंट, शेपटी काढलेला, मिळाला तर आपल्या रश्श्याला जास्त बरोबर बसेल आणि स्वस्त पण पडेल, मालकाला तसं सांगून ठेवलंय, त्याने सुरतला फोन लावून माझ्यासमोर विचारलं पण.

जाणार असाल तर गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी जा, माल तेव्हा येतो. पाकीट फ्रीजरच्या खालच्या थरातून मागा, हलवून बघा, वाजलं तर घ्या. निव्वळ वजनासमोर ग्लेझ सोडून असं लिहिलेलं असेल तेच घ्या. घरून थर्माकोलचा डबा न्या, दुकानात पिशवीच मिळते, बर्फ मागितला तर देतो पण पुरेसा नसतो, आणि भुसावळपर्यंत यायला गाडीत पाऊण तास तर लागतोच.